जुना नकाशा, उपग्रहचित्र की पायपीट?

पुण्यातला आपला भाग ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा खुल्या ऑनलाइन नकाशावर, भरायला घेतलात की आठवड्याभरात कुणीतरी जुन्या नकाशाची स्कॅन फाइल पाठवतंच. "यात सगळं आहे बघा!" असतं खरं. पण त्यातलं घ्यायचं किती?

आधी हक्काचं बघू. भारतात सरकारी नकाशावरचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९३० चा सर्वेक्षण नकाशा मोकळा, १९७५ चा अजून नाही. फुकट डाउनलोड होतो म्हणून गिरवायला मोकळा, असंही समजू नका. उपग्रहचित्रांचं तेच: मायक्रोसॉफ्टच्या बिंगवरून गिरवायला परवानगी आहे, गूगलवरून नाही.

रस्ते आणि इमारतींसाठी उपग्रहचित्रच घ्या. इंचाला मैल या प्रमाणाच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ६३ मीटर. कसब्यातले बोळ त्यात दिसणार कुठून? शिवाय १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्याआधीच्या नकाशावरून नदीकाठची घरं काढणं म्हणजे वाहून गेलेले वाडे पुन्हा उभे करणं.

नावांसाठी मात्र पायपीटच. नकाशावरचं 'रे मार्केट' म्हणजे आजची महात्मा फुले मंडई. ते जुनं नाव 'ओल्ड नेम' या रकान्यात टाका. लकडी पुलाचं तसं नाही. पाटीवर संभाजी पूल, पण रिक्षावाल्याला आपण लकडी पूलच सांगतो. लाकूड गेलं, नाव जिवंत आहे, म्हणून ते 'ऑल्ट नेम', म्हणजे पर्यायी नाव. हा फरक कुठलाच नकाशा सांगत नाही. वस्त्यांची जुनी जातीवाचक नावं तर उचलूच नका. राज्य सरकारने २०२० मध्येच ती बदलायचा निर्णय घेतला आहे.

मग जुना नकाशा कशाला? पाण्यासाठी. ओढे-नाले उपग्रहाला झाडाखाली, स्लॅबखाली दिसत नाहीत. जुना नकाशा आजच्या नकाशाशी जुळवताना पर्वतीचं देऊळ, जुने पूल असे न हललेले बिंदू धरा. नदीचं वळण धरू नका.

मी एकदा जुन्या नकाशातली नाल्याची निळी रेघ जशीच्या तशी उतरवली होती. नंतर जाऊन बघितलं तर तिथे सोसायटीचं पार्किंग. रेघ खोडणारच होतो, तेवढ्यात वॉचमनकाकांनी दोन गाड्यांपलीकडची लोखंडी जाळी दाखवली. "पाऊस लागला की खालून आवाज येतो." नाला होता, फक्त झाकलेला आणि माझ्या रेघेपासून वीसेक पावलं सरकलेला. आता तो नकाशात बंदिस्त नाला म्हणून आहे, 'सोर्स'मध्ये नकाशाचं वर्ष आणि प्रत्यक्ष पाहणी, दोन्ही लिहून.

जे खरंच उरलेलं नाही, जसं सारसबागेच्या जागेवरचं तळं, ते ओपनहिस्टॉरिकलमॅप या जुन्या काळच्या खुल्या नकाशावर टाका. ते त्यासाठीच आहे.