रीब्रँडिंगच्या नावाखाली 1,54,580 रुपयांना चुना

जुळे सोलापुरात माझा थ्रीडी व्ह्यूचा स्टुडिओ आहे. बिल्डरांची एलिव्हेशन म्हणजे इमारतीची दर्शनी चित्रं, वॉकथ्रू म्हणजे आत फिरवून दाखवणारे व्हिडिओ. आडनावाची जुनी पाटी बाहेरच्या पार्टीला गावठी वाटते, हे ऐकून ऐकून नाव बदलायचं ठरवलं आणि पुण्याची एक एजन्सी गाठली. नाव-लोगो 48,000, ट्रेडमार्क 18,000, वेबसाइट आणि डोमेन (साइटचा पत्ता) 65,000, वर 18 टक्के जीएसटी. त्यांचा जीएसटी नंबर केव्हाच रद्द झालाय. पोर्टलवर फुकटात दिसतं, आधी बघा.

सगळ्यात जिव्हारी लागतंय ते वेगळंच. पाटीचं जे चित्र त्यांनी दाखवलं, त्यात ऊन डावीकडून आणि अक्षरांची सावलीही डावीकडेच! दिवसभर व्ही-रे या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सूर्य फिरवणारा माणूस मी. खटकलं होतं हो. पण तयार मॉकअप (नमुना चित्र) कोण वापरत नाही? आम्हीही झाडं-माणसं आयतीच टाकतो. म्हणून सोडून दिलं. लोगोही आयताच निघाला. गूगल लेन्सवर टाकला तर टेम्प्लेटच्या दुकानात विकायला ठेवलेला.

आठवड्यात त्यांनी नावापुढे गोलातला आर लावला, 'रजिस्टर झालं' म्हणाले. अहो, अर्ज सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतींनाच 4 महिने असतात! नोंदणीआधी तो आर लावणं गुन्हा आहे, नुसतं टीएम चालतं. पावती मागितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धीच कापून पाठवली. अर्ज क्रमांक सरकारी साइटवर टाकला तेव्हा कळलं, अर्जदार एजन्सीच! एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी माल-सेवेच्या एका वर्गाला 4,500 रुपये आहे. डोमेनही त्यांच्याच नावावर. सोडायला आणखी 40,000 मागतात. डोमेन स्वतःच्या ईमेलनं, स्वतःच्या कार्डानं घ्या.

पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "बिल आहे, काम दिलंय, हे दिवाणी आहे." सायबरवाले म्हणाले, ओटीपी गेला का? नाही? मग पोलीस ठाण्यात जा. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेत पत्र दिलं. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. मग काय चोरानं पाठवायला हवे होते? लोगो म्हणजे काय, हे समजावण्यातच अर्धा दिवस गेला आणि शेवटी कागदावर 'जाहिरात बोर्डाचा वाद' असं लिहून घेतलं.

लोगोचे हक्क सहीनिशी लेखी घ्या, मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. नोटिशीचे वकिलाला 5,000 दिलेत, ते वेगळे. आणि हेच लोक आता होटगी रोडच्या इंटिरियरवाल्यांना फोन करतायत, तीच उलट्या सावलीची पाटी दाखवून.