विमानतळ ते शहर : सात महिन्यांच्या ये-जेनंतरचा अनुभव

कामानिमित्त गेले सात महिने मी दर पंधरा दिवसांनी विमानाने एका दुसऱ्या शहरी जाते आणि तिसऱ्या दिवशी परत येते. तिथला विमानतळ शहराच्या मध्यापासून तीसेक किलोमीटर दूर असून शहर गाठण्यासाठी रेल्वे, बस, प्रीपेड टॅक्सी, ॲपवरून बोलावलेली टॅक्सी आणि आधी सांगून ठेवलेली गाडी असे पाच पर्याय आहेत. सुरुवातीच्या फेऱ्यांत बाहेर पडल्यावर जे समोर दिसेल ते पकडत गेले आणि दर वेळी दुसरे काही घेतले असते तर बरे झाले असते, अशी चुटपुट लागून राहिली. म्हणून एक लहान वही केली. विमानाचे दार उघडल्याची, सामान हाती आल्याची, वाहनात बसल्याची, वाहनातून उतरल्याची आणि मुक्कामाच्या खोलीत पाऊल टाकल्याची अशा पाच वेळा प्रत्येक फेरीला टिपू लागले. पाचही पर्याय किमान दोनदा आणि त्यांतले तीन वारंवार वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

वही चाळताना प्रथम लक्षात आले ते हे, की वाहनाच्या वेगाची आपण जितकी चर्चा करतो तितका त्याचा वाटा नसतो. माझ्या बहुतेक फेऱ्यांत चाकांवर गेलेला वेळ एकूण वेळेच्या निम्म्याच्या आसपास भरला. उरलेला वेळ लांबलचक मार्गिका तुडवण्यात, सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळण्यात, वाहनाची वाट पाहण्यात आणि शेवटच्या स्थानकापासून मुक्कामापर्यंत पोहोचण्यात गेला. शांघायच्या पुडोंग विमानतळावरून रुळांना न टेकता धावणारी मॅग्लेव्ह गाडी तीस किलोमीटरचे अंतर साधारण आठ मिनिटांत कापते. पण ती थांबते लाँगयांग रोड स्थानकात, जे शहराच्या गाभ्यात नाही, आणि तिथून पुढे मेट्रो किंवा टॅक्सी घ्यावीच लागते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर भुयारी रेल्वेची पिकॅडिली मार्गिका १९७७ मध्ये पोहोचली, पंधरा मिनिटांत शहराच्या पश्चिमेकडचे पॅडिंग्टन स्थानक गाठणारी हीथ्रो एक्स्प्रेस १९९८ मध्ये आली, आणि २०२२ मध्ये शहर ओलांडून पूर्वेकडे जाणारी एलिझाबेथ लाइन सुरू झाली. ज्याला शहराच्या पूर्व भागात जायचे आहे त्याने पंधरा मिनिटांच्या गाडीवर भाळून पॅडिंग्टनला उतरावे आणि तिथून पुन्हा गाडी बदलावी, की थोड्या सावकाश पण थेट जाणाऱ्या गाडीत बसून राहावे, याचे उत्तर गाडीच्या वेगात नसून त्याच्या मुक्कामाच्या पत्त्यात आहे.

दुसरी गोष्ट उमगायला मात्र तीन-चार महिने लागले, आणि माझ्या मते या अनुभवातली ती सर्वांत कामाची गोष्ट आहे. विमानतळावरून शहरात येणे आणि शहरातून विमानतळावर जाणे यांचा रस्ता एकच असला तरी निकष एक असू शकत नाही. येताना तासभर उशीर झाला तर फार तर चिडचिड होते आणि झोप कमी मिळते. जाताना तोच तास विमान चुकवतो, कारण चेक-इनचे काउंटर बहुधा उड्डाणाच्या पाऊण ते एक तास आधी बंद होतात आणि तिथे विनवणीचा उपयोग होत नाही. म्हणून जाताना एखादे वाहन सरासरी किती वेळ घेते हे मी आता पाहतच नाही. सर्वांत वाईट दिवशी त्याने किती वेळ घेतला, तेवढेच पाहते. माझ्या वहीत टॅक्सीचा सर्वांत चांगला दिवस अडतीस मिनिटांचा आहे आणि सर्वांत वाईट एक तास पन्नास मिनिटांचा. रेल्वेच्या नोंदी एकेचाळीस ते सेहेचाळीस मिनिटांच्या मध्ये आहेत. अडतीस मिनिटे एकेचाळीसपेक्षा कमी आहेत हे खरे, पण तो अडतीस मिनिटांचा दिवस आपल्या वाट्याला येईल की नाही हे निघताना कोणालाच सांगता येत नाही.

रेल्वेबद्दल इतके चांगले लिहिल्यावर तिच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. विमानतळाच्या खाली स्थानक आहे एवढ्यावर विसंबू नये. टर्मिनलपासून फलाटापर्यंत किती चालायचे, मध्ये लिफ्ट आहे का, ती चालू आहे का आणि दुसऱ्या टोकाला उतरल्यावर किती जिने आहेत, हे सामानवाल्या माणसाचे खरे प्रश्न असतात. माझ्या नेहमीच्या स्थानकावर सरकता जिना फक्त वर जातो. हातातल्या लहान बॅगेसह तो उतरायचा साधा जिना म्हणजे काहीच नाही. पण एकदा तेवीस किलोची बॅग आणि कागदपत्रांची पेटी घेऊन तिथे उभी राहिले तेव्हा तो जिना अडतीस पायऱ्यांचा आहे हे प्रथमच मोजले गेले. सामानाचा हा प्रश्न मुळापासून सोडवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. हाँगकाँगमध्ये १९९८ मध्ये विमानतळ रेल्वे सुरू झाली तेव्हा शहरातल्या स्थानकातच विमानाचे सामान सोपवून रिकाम्या हाताने गाडीत बसण्याची सोय करण्यात आली. विमानतळ आणि रेल्वे एकमेकांना जोडण्याची कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी आहे. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाची गोल आकाराची टर्मिनल इमारत १९३६ मध्ये उघडली तेव्हाच ती भुयारी वाटेने रेल्वे स्थानकाला जोडलेली होती.

रेल्वेची खरी मर्यादा रात्री समोर येते. शेवटची गाडी किती वाजता सुटते हे पाहताना माणूस विमानाच्या उतरण्याच्या वेळेशी तुलना करतो, आणि तिथेच फसतो. चाके जमिनीला टेकल्यापासून फलाटावर पोहोचेपर्यंत मला कधीही पस्तीस मिनिटांपेक्षा कमी वेळ लागलेला नाही. परदेशातून येणाऱ्याला पासपोर्ट तपासणीची रांग धरून याहून बराच जास्त वेळ हाताशी ठेवावा लागेल. शिवाय रेल्वे बिनघोर असते ती चालू असते तोवर. दिल्लीची विमानतळ मेट्रो २०११ मध्ये सुरू झाली आणि तांत्रिक दोषांमुळे जुलै २०१२ पासून जानेवारी २०१३ पर्यंत बंद ठेवावी लागली. निघण्याच्या आदल्या रात्री गाड्या चालू असल्याची खात्री करून घ्यायला दोन मिनिटे लागतात; ती मी आता चुकवत नाही.

ॲपवरच्या टॅक्सीबद्दल माझे मत महिन्यागणिक बदलत गेले. शहरातल्या शहरात ती उत्तम चालते, पण विमानतळावर तिचे गणित निराळे होते. आगमन कक्षाच्या दारात तिला थांबू देत नाहीत. पिकअपची जागा बहुधा पार्किंगच्या इमारतीत किंवा रस्त्यापलीकडे असते. एका रात्री चालकाचा फोन आला की तो ठरल्या जागी उभा आहे. मीही ठरल्या जागी उभी होते. फोनच्या नकाशावर त्याची गाडी आणि माझा ठिपका एकमेकांवर चढलेले दिसत होते, आणि तरीही समोर गाडी नव्हती. सात-आठ मिनिटे आम्ही दोघेही “अहो, मी इथेच आहे” हे एकच वाक्य निरनिराळ्या स्वरांत बोलत राहिलो. शेवटी त्याने विचारले, “ताई, तुमच्या डोक्यावर छत आहे की आभाळ?” माझ्या डोक्यावर छत होते, तो त्या छतावर, म्हणजे निर्गमनाच्या वरच्या रस्त्यावर उभा होता. नकाशा जागा अचूक दाखवत होता, मजला तेवढा दाखवत नव्हता. तेव्हापासून गाडी ठरताच मी चालकाला प्रथम मजला आणि खांबाचा क्रमांक कळवते, आणि असे गोंधळ जवळजवळ थांबले आहेत.

न थांबलेल्या तक्रारी दोन. चार-पाच विमाने एकापाठोपाठ उतरली की भाडे पाहता पाहता चढते, आणि आपण सामानाच्या पट्ट्याशी उभे असताना पाहिलेला आकडा बाहेर येईपर्यंत राहत नाही. भाडे चढलेले दिसले तर वीस मिनिटे आत बसून राहिल्यास ते उतरते, असा माझा अनुभव आहे; पण रात्री बारा वाजता तेवढा संयम सगळ्यांकडे नसतो, माझ्याकडेही नसतो. दुसरी तक्रार फेरी रद्द होण्याची. कुठे जायचे, पैसे रोख की ऑनलाइन, असे विचारून झाल्यावर चालकाने फोन ठेवला की पुढची पाच मिनिटे त्याची गाडी नकाशावर जागची हलत नाही. फेरी आपणच रद्द करावी म्हणून तो थांबलेला असतो आणि दंड कोणाच्या माथी बसायचा याची ही मूक ओढाताण चालते. पाच महिन्यांत हे माझ्या बाबतीत सहा वेळा झाले.

त्या मानाने प्रीपेड टॅक्सीचे काउंटर जुनाट वाटते, पण रात्री उशिरा मी तिकडेच वळते. रांग दिसते, ती किती सरकते हे कळते, भाडे आधीच ठरलेले असते आणि गाडीचा क्रमांक पावतीवर छापून येतो. पावतीची चालकाकडे द्यायची प्रत मुक्कामी पोहोचल्यावरच द्यावी, कारण तिच्यावरच त्याला पैसे मिळतात. वाटेत मागितली तरी देऊ नये. ठरलेल्या भाड्याचे महत्त्व मोठमोठ्या शहरांनीही ओळखले आहे. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून मॅनहॅटनला जाणाऱ्या पिवळ्या टॅक्सीचे मूळ भाडे बांधलेले आहे, आणि पॅरिसमध्ये २०१६ पासून विमानतळ आणि शहर यांच्यामधल्या टॅक्सीला ठरावीक भाडे लागू झाले. नवख्या प्रवाशाला मीटर किती पळाला यापेक्षा तो कोणत्या रस्त्याने पळाला याची धास्ती असते, आणि बांधलेल्या भाड्याने ती एका फटक्यात जाते. या टॅक्सींची गाडी मात्र कशी मिळेल सांगता येत नाही. एकदा डिकीत गॅसची टाकी निघाली आणि माझी बॅग चालकाशेजारच्या सीटवर पट्टा लावून बसली.

आगमन कक्षातच जवळ येऊन हळू आवाजात “टॅक्सी हवी का” असे विचारणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. ज्याला काउंटर नाही, पावती नाही आणि रांग नाही, त्याच्यामागून पार्किंगच्या अंधाऱ्या टोकाला जाऊ नये.

बस मला अपेक्षेपेक्षा चांगली वाटली. ती सर्वांत स्वस्त आहे, सामान पोटात घेते आणि मुक्कामाजवळच थांबते, जे रेल्वे करत नाही. दोन बसमधले अंतर पाऊण तासाचे असल्याने एक डोळ्यांदेखत सुटली की जीव चडफडतो, आणि रस्त्याची कोंडी तिलाही टॅक्सीइतकीच लागते. म्हणून ती फक्त येताना, दिवसा आणि घाई नसेल तेव्हा.

आधी सांगून ठेवलेल्या गाडीचा माझा पहिला अनुभव वाईट होता. विमान तीन तास उशिरा आले, बाहेर नावाची पाटी घेऊन कोणीच नव्हते, आणि ज्यांच्याकडे गाडी नोंदवली होती त्यांनी चालक ठरल्या वेळी येऊन तासभर थांबून गेला असे सांगून पैसे परत करायला नकार दिला. भांडल्यावर समजले की नोंदणी करताना मी उतरण्याची वेळ दिली होती, विमानाचा क्रमांक दिला नव्हता; त्यामुळे त्यांच्या लेखी मीच आले नव्हते. त्यांचे म्हणणे कागदावर बरोबर होते, तरी एक फोन करता आला असता हे मला अजून वाटते. दुसऱ्या वेळी क्रमांक दिला, आणि फुकट थांबण्याची मुदत ठरलेल्या वेळेपासून मोजणार की प्रत्यक्ष उतरल्यापासून, हे लेखी विचारून घेतले. त्या दिवशी आई आणि तिची चाकांची खुर्ची सोबत होती, गाडी दारात उभी होती, आणि त्या वेळी दिलेला एकही पैसा मला जास्त वाटला नाही. चौघे जण एकत्र असतील तरीही हीच गाडी परवडते, कारण रेल्वेची चार तिकिटे आणि पुढची टॅक्सी यांची बेरीज तिच्याजवळ जाऊन पोहोचते.

सध्या माझा क्रम असा आहे. जाताना रेल्वे, आणि शेवटच्या सोयीच्या गाडीच्या आधीची गाडी. येताना संध्याकाळी आठपर्यंत उतरले तर रेल्वे किंवा बस, त्यानंतर प्रीपेड टॅक्सी. ॲपची टॅक्सी फक्त हातातल्या बॅगेवर, भाडे शांत असेल तेव्हा. पाचपैकी गुण द्यायचेच झाले तर रेल्वेला साडेचार, प्रीपेडला चार, बसला साडेतीन, आधी ठरवलेल्या गाडीला माझ्यापुरते साडेतीन आणि आईच्या वतीने पाच, ॲपच्या टॅक्सीला तीन.

हा क्रम पुढच्या महिन्यात मोडणार आहे. कार्यालयाने परतीचे विमान पहाटे सव्वासहाचे केले आहे आणि पहिली रेल्वे पाच वाजता सुटते, म्हणजे ती पकडून काउंटर बंद होण्याआधी पोहोचणे जमणार नाही. पहाटे चार वाजता त्या रस्त्यावर टॅक्सीला किती वेळ लागतो याची वहीत एकही नोंद नाही. पहिल्या खेपेला आदल्या रात्रीच गाडी सांगून ठेवणार आहे, आणि चालकाला मजला नव्हे, यावेळी मुक्कामाच्या इमारतीचा खालचा दरवाजा कोणता ते कळवायचे आहे.