परतीचं तिकीट कधीचं आहे?

बँकॉकच्या त्या दवाखान्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पहिला प्रश्न दातांबद्दल नव्हता. ‘परतीचं तिकीट कधीचं काढताय?’ असा होता. मला त्यात काळजी दिसली. बाई किती व्यवस्थित आहे, आधी तारखा मागते, असं मी नवऱ्याला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

मी मूळची सांगलीची, गेली १९ वर्षं मेलबर्नला. इथे मेडिकेअरमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेत, डॉक्टर, सरकारी हॉस्पिटल सगळं बसतं, पण मोठ्या माणसांचे दात जवळपास बसतच नाहीत. दात म्हणजे जणू शरीराबाहेरची हौस. खासगी विमा असला तरी तो वर्षाची ठरलेली रक्कम देतो आणि हात वर करतो. माझ्या खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा गेलेल्या. इथल्या डेंटिस्टने दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे स्क्रू, आणि त्यांच्यावर दोन कॅप, असा ११,४०० डॉलरचा अंदाज हातात ठेवला. तो कागद मी तीन महिने फ्रिजवर लावून ठेवला होता.

सांगलीला का नाही गेलीस, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झालाय. माझी सख्खी मावसबहीण तिथे दातांचीच डॉक्टर आहे. खरं उत्तर असं की तिने पैसे घेतले नसते. मग ते मावशीला कळलं असतं, मावशीकडून काकूला, आणि ऑस्ट्रेलियाहून ही फुकट दात बसवायला आली हे पुढची दहा वर्षं ऐकलं असतं. शिवाय गावी गेलं की तीन आठवडे मुंजी आणि रुसवेफुगवे यातच संपतात. बँकॉक कसं, कोणी ओळखीचं नाही. थेट विमान, नऊ तास.

२०२३ च्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका ओळखीच्या बाईंनी मला हसून दाखवलं. खरोखरच दाखवण्यासाठी हसल्या. सगळे दात एकसारखे पांढरे. ‘बँकॉक. निम्म्या पैशांत. वर चार दिवस फिरणं,’ म्हणाल्या आणि तिथल्या तिथे नंबर पाठवला.

नंबरामागची बाई हिंदी बोलणारी होती. स्वतःला पेशंट कोऑर्डिनेटर म्हणवायची आणि मला ‘दीदी’. दोन्ही इम्प्लांट, कॅपसकट, १,१०,००० बाट. म्हणजे साधारण ४,८०० डॉलर. इम्प्लांट स्विस कंपनीचं, तेच जे मेलबर्नच्या डेंटिस्टने सुचवलं होतं. हॉटेल तीच बघणार, विमानतळावर गाडी तीच पाठवणार. माहितीपत्रकावर सोनेरी शिक्का होता, त्यात ‘जेसीआय’ अशी अक्षरं. जेसीआय म्हणजे जॉइंट कमिशन इंटरनॅशनल, रुग्णालयांचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था. मला तेवढं माहीत होतं की बँकॉकच्या बुमरुनग्राद रुग्णालयाला २००२ साली ही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि आशियात ते पहिलं होतं. हा दवाखाना तिथला नव्हता, त्याचा त्या रुग्णालयाशी काही संबंधही नव्हता, पण शिक्का बघून माझ्या डोक्यात एकाची अब्रू दुसऱ्याला चिकटली. मान्यता एकेका संस्थेला मिळते आणि ज्यांना मिळाली त्यांची यादी जेसीआयच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते. दोन मिनिटांचं काम. मी ते परत आल्यावर केलं. यादीत नाव नव्हतं.

निम्मे पैसे आगाऊ. कार्डाने दिले तर पूर्ण, बँकेतून पाठवले तर पाच टक्के सूट. खातं दवाखान्याच्या नावावर नव्हतं, भलत्याच कुठल्यातरी ट्रॅव्हल कंपनीच्या नावावर होतं. नवरा म्हणाला, हे नाव वेगळं का? मी म्हटलं, तुला प्रत्येकात संशय. पाच टक्क्यांची सूट घेण्यासाठी मी कार्डावरून पैसे परत मागायची वाट स्वतःच्या हाताने बंद केली. कार्डाच्या व्यवहारावर आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवता येते. पाठवलेले पैसे मात्र गेले की गेले.

जानेवारी २०२४. दवाखाना सुखुमवितच्या एका गल्लीत, स्वच्छ, गार, लेमनग्रासचा वास. माहितीपत्रकातली सहा मजली इमारत नव्हती ही, एका इमारतीचा दुसरा मजला होता. ‘ती मेन ब्रांच, तिथे गर्दी असते, दीदी.’ बरं.

यापुढचा प्रकार मी सावकाश सांगते, कारण फसले ते इथे.

मला खुर्चीत झोपवलं, थ्रीडी स्कॅन केला, डॉक्टरांनी हिरडीत भुलीची दोन इंजेक्शनं दिली. जीभ, ओठ, हनुवटीची डावी बाजू, सगळं बधिर. मग कोऑर्डिनेटर हातात टॅब घेऊन आली. स्कॅनमध्ये जबड्याचं हाड कमी दिसतंय, दोन्ही जागी हाड भरावं लागेल, ३६,००० बाट. वरच्या दोन दाढाही तडकलेल्या आहेत, त्यांना कॅप नाही घातली तर नव्या इम्प्लांटवर ताण येईल, ३६,०००. स्कॅनचे ४,०००. मी तोंडात कापूस असताना विचारायचा प्रयत्न केला की हे आधी का नाही सांगितलं, मेलबर्नचा एक्स-रे मी तीन महिन्यांपूर्वी पाठवला होता. माझ्या तोंडून काय आवाज निघाला देव जाणे. ती म्हणाली, ‘दीदी, आपकी फ्लाइट संडे को है ना? आज नहीं किया तो फिर से आना पड़ेगा.’

गुरुवार होता. सूट वजा जाता ५२,२५० बाट भरलेले. हॉटेलचे पैसे भरलेले. तोंड बधिर. मी बोटाने टॅबवर सही केली.

तो मजकूर बराचसा थाई होता, मधेमधे इंग्रजी. त्यात एक ओळ होती की इम्प्लांटची कंपनी उपलब्धतेनुसार बदलू शकते. ती मी दहा महिन्यांनी वाचली.

पैसे भरताना अजून एक गंमत. कार्डाच्या यंत्रावर दोन आकडे आले, एक बाटमध्ये, एक ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये. मी चष्मा काढेपर्यंत काउंटरवरच्या मुलीने डॉलरचं बटण दाबलं होतं. आधीच्या बाकीतले काही धरून ९२,००० बाट भरायचे होते. त्याचे त्या दिवशीच्या दराने ४,००० डॉलर व्हायला हवे होते, कापले गेले ४,२५९. परदेशात यंत्राने विचारलं तर तिथल्याच चलनात द्यायचे, आणि यंत्र आपल्या हातात घ्यायचं. हे मला माहीत होतं! सिंगापूरच्या विमानतळावर मी हेच सासूबाईंना शिकवलं होतं.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. तो हाडात घट्ट धरायला तीनेक ते सहा महिने लागतात. पहिला पेशंट स्वीडनमध्ये १९६५ साली झाला, तेव्हापासून शास्त्र खूप पुढे गेलं, पण हाड आपल्या सुट्टीचं वेळापत्रक पाहत नाही. म्हणून दुसरी फेरी लागतेच. पॅकेजच्या आकड्यात ती नव्हती. जूनमध्ये पुन्हा गेले, कॅप बसवल्या, उरलेले ३९,००० बाट दिले. पाच वर्षांची गॅरंटी असलेलं कार्ड मिळालं, सोनेरी कडा असलेलं. एकूण १,८३,२५० बाट, म्हणजे आठ हजार डॉलरच्या वर. दोन वेळचं विमान आणि हॉटेल धरलं की रक्कम फ्रिजवरच्या कागदाच्या आसपास पोचते.

नोव्हेंबरमध्ये मागची कॅप हलायला लागली. भाकरी चावताना टक् असा आवाज यायचा.

मेलबर्नच्या डेंटिस्टने, ज्याला मी निम्म्या पैशांसाठी सोडलं होतं, काहीही न बोलता एक्स-रे काढला. मग विचारलं, कुठल्या कंपनीचं आहे? मी स्विस कंपनीचं नाव सांगितलं. त्याने एक्स-रे माझ्याकडे वळवला. त्या कंपनीच्या स्क्रूचे आटे असे नसतात, म्हणाला. स्टिकर कुठे आहेत? मी विचारलं, कसले स्टिकर? प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि बॅच नंबर लिहिलेला स्टिकर असतो. एक फायलीत लागतो, एक पेशंटला मिळायला हवा. माझ्याकडे सोनेरी कडांचं कार्ड होतं, त्यावर माझं नाव आणि एक हसरा दात.

बऱ्याच कंपन्यांच्या स्क्रूला आपापला वेगळा पाना लागतो. त्याने तीन पाने लावून बघितले, एकही बसला नाही. माझ्या तोंडात काय आहे हे मला आजही माहीत नाही. कंपनी कळली नाही तर कॅप कापावी लागेल, आणि आतला स्क्रू सैल असेल तर हाड पोखरून तो काढावा लागेल. दोन्ही एक्स-रे मी सांगलीला मावसबहिणीला पाठवले, मेलबर्नचा जुना आणि हा नवा. तिने तासाभराने फोन केला. जुन्या एक्स-रेमध्ये उंचीला हाड कमी वाटत नाही, रुंदी मात्र यात कळत नाही, स्कॅन मागव, म्हणाली. वरच्या दाढांबद्दल ती काही बोलली नाही. मीच विचारलं. ‘त्या चांगल्या होत्या गं,’ म्हणाली.

दवाखान्याला लिहिलं. स्कॅन मिळाला नाही. उत्तर गोड आलं. गॅरंटी आहेच, या बँकॉकला, प्रवासखर्च तुमचा. फक्त दर सहा महिन्यांनी आमच्याकडे तपासणी केल्याची नोंद हवी, ती दिसत नाही, त्यामुळे गॅरंटी संपली आहे. प्रवास विम्याने कळवलं की ठरवून घेतलेल्या उपचारांमुळे उद्भवलेलं काहीही त्यांच्यात बसत नाही.

मग मी खोदायला बसले. थायलंडमध्ये खासगी दवाखान्याला ११ आकडी परवाना क्रमांक दर्शनी भागात लावावा लागतो, आणि तो आरोग्य मंत्रालयाच्या संबंधित विभागाकडे तपासता येतो. डेंटिस्टचं नाव तिथल्या डेंटल कौन्सिलकडे. माझ्याकडे नवऱ्याने दाराशी काढलेला माझा फोटो होता, दोन बोटं वर करून हसतानाचा. मागे पाटी दिसत होती. फोनवरून थाई मजकुराचं भाषांतर करून बघितलं, तर क्रमांक होता, पण पाटीवरचं नाव माहितीपत्रकावरच्या नावापेक्षा वेगळंच. ज्याच्याशी मी वर्षभर बोलत होते तो दवाखाना नव्हताच. तो एक नंबर होता, जो मिळेल त्या खुर्चीत माणसं नेऊन बसवत होता. पर्यटक पोलिसांचा ११५५ नंबर आहे, ते इंग्रजीत बोलतात, पण तो बँकॉकमध्ये असताना, त्या गुरुवारी लावायचा होता. आता मी मेलबर्नला, सही माझी, पैसे तिसऱ्याच कंपनीच्या खात्यात. विभागाकडे तक्रार पाठवली आहे. पोचल्याचं उत्तर आलंय.

आणि गेल्या जानेवारीत ‘दीदी, हॅपी न्यू इयर’ आलं. सोबत एक ऑफर. ओळखीचा पेशंट पाठवा, त्याने आगाऊ रक्कम भरली की तुम्हाला ५,००० बाट.

ते वाचून मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. प्रसादाची रांग आठवली, तिथल्या तिथे आलेला नंबर आठवला.

यंदाच्या गणपतीत त्या बाई भेटल्या. ‘काय मग, झाले का दात?’ म्हणून हसल्या. मी काहीच विचारलं नाही. ‘झाले,’ म्हटलं, आणि मोदक उजव्या बाजूने चावत राहिले. त्यांच्या शेजारी एक नवी मुलगी उभी होती, नुकतीच पुण्याहून आलेली. तिला मी बाजूला बोलावलं आणि विचारलं, ‘यांनी तुला कुठला नंबर दिलाय का?’