‘हातउसने’ दिलेले सात लाख पंच्याऐंशी हजार

माझे डी.एड. झालेले आहे, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा मी दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो आणि 2023 च्या शिक्षक भरतीच्या अभियोग्यता चाचणीत मला 200 पैकी 109 गुण मिळाले. हे आधीच सांगतो, कारण शिक्षकाच्या नोकरीसाठी पैसे देऊन फसल्याची माझी हकीकत ऐकली की समोरचा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो की शिकलेला असून तू फसलास कसा. पवित्र पोर्टल या शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर आपले नाव लागण्याची वाट पाहत चौतिशी गाठलेल्या आणि खासगी शिकवणीच्या सहा हजारांवर संसार ओढणाऱ्या माणसाने काय करायला हवे होते, हे मात्र कोणी सांगत नाही.

मे 2024 मध्ये एका नातेवाइकाच्या ओळखीने मला फसवणारा गृहस्थ भेटला. सातपुड्यातील एका खासगी अनुदानित आश्रमशाळेच्या संस्थाचालकाचा भाचा, अशी त्याने स्वतःची ओळख करून दिली. गाव इतके दुर्गम आहे की कोणी जायला तयार होत नाही, म्हणूनच जागा शिल्लक आहे, हे त्याचे म्हणणे मला पटले. भाव चौदा लाख सांगितला. त्यातले निम्मे आधी आणि उरलेले नेमणुकीला सरकारी मान्यता आल्यावर. असे पैसे देणे गैर आहे हे मला ठाऊक होते, पण माझ्या वर्गातले तिघे जण असेच नोकरीला लागले आहेत आणि आज त्यांना कोणी काही विचारत नाही. पोर्टलचे काय, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, आश्रमशाळा शिक्षण खात्याकडे नसतात, आदिवासी विकास विभागाकडे असतात. तिथे पोर्टलचा संबंधच येत नाही.” यातले पहिले वाक्य खरे होते, म्हणून दुसरे मी तपासलेच नाही. शिवाय मला ‘सर’ म्हणणारा तो पहिलाच मोठा माणूस होता.

14 जूनला नाशिकच्या एका लॉजवर मी 4,50,000 रुपये रोख मोजून दिले. पावती म्हणून त्याने शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ‘घरगुती अडचणीसाठी हातउसने घेतले’ असे लिहून दिले. असा कागद कोणी पुढे केला तर तिथूनच उठा. त्या एका शब्दाने पुढे माझी काय गत केली ते सांगतोच. 6 जुलैला नियुक्तीचा आदेश हातात देताना त्याने 2,75,000 घेतले आणि ऑगस्टमध्ये वैयक्तिक मान्यतेच्या फाईलसाठी म्हणून 60,000. एकूण 7,85,000. वडिलांनी त्यासाठी एक एकर कोरडवाहू गहाण ठेवली आणि आईने दोन तोळे मोडले.

8 जुलैला मी शाळेत हजर झालो. मुख्याध्यापकांनी मस्टर बाजूला सारले आणि कपाटातून शंभर पानी वही काढून म्हणाले, “सर, तुम्ही सध्या यात सही करत जा.” वहीची सुरुवातीची पाने फाडलेली होती आणि पट्टीने रकाने आखलेले होते. माझ्या नावाच्या वर आणखी तीन नावे होती. प्रत्येकाच्या सह्या काही आठवडे चाललेल्या आणि मग एकाएकी थांबलेल्या. मी विचारले, तेव्हा त्यांची मान्यता येऊन ते दुसऱ्या शाखेत गेले, असे उत्तर मिळाले आणि मला चक्क आनंद झाला! सरावपाठाच्या काळात मी शाळेचे मस्टर पाहिलेले होते, ते कसे असते हे मला माहीत होते. तरीही त्या वहीत मी दिवाळीपर्यंत रोज सही केली, तिसरीच्या मुलांना शिकवले, त्यांच्याकडून त्यांच्या पावरी बोलीतले शब्द शिकलो आणि रात्री वसतिगृह सांभाळले. शिक्षणसेवकाचे कबूल केलेले 16,000 मानधन एकदाही मिळाले नाही. दिवाळीच्या सुट्टीत फोन आला की मान्यता अडकली आहे, तूर्त येऊ नका.

आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयातल्या लिपिकाने दहा मिनिटांत सांगितले की त्या शाळेत रिक्त पदच नाही. पैसे देण्याआधी ही एक फेरी मारा, संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर पदांचा कागद, पाहायला मागा आणि आदेशावर जावक क्रमांक आहे का तेही बघा. माझ्या आदेशावर ती जागा कोरी होती. मात्र हेच लेखी द्या म्हटल्यावर ‘संस्थेला विचारा’ हे उत्तर मिळाले. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तर माहिती संस्था स्तरावरील असल्याचे कळवण्यात आले. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने आश्रमशाळा आमच्याकडे नाहीत म्हणून हात झटकले. पोलिसांनी तर कमालच केली. घर मराठवाड्यात, पैसे नाशकात आणि शाळा सातपुड्यात, म्हणून हद्द ठरेना, पहिला हप्ता जूनमधला, म्हणून त्याला जुन्या कायद्याचे कलम 420 आणि पुढचे पैसे 1 जुलैनंतरचे, म्हणून त्यांना नव्या न्याय संहितेचे 318, यावर एक दुपार गेली, शेवटी स्टॅम्पपेपर वाचून साहेब म्हणाले, “हे तर हातउसने आहेत, दिवाणी दावा लावा. आणि नोकरीसाठी पैसे दिले म्हणताय, तर तुम्हीही अडकाल.” गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चा कागद दाखवून सांगितल्यावर अर्ज ठेवून घेतला, पण गुन्हा आजही नोंदलेला नाही. 60,000 तेवढे मोबाईलवरून गेले होते, म्हणून त्यांचा पुरावा उरला. बाकी रोख रकमेला साक्षीदार फक्त लॉजचा वेटर.

वहीतल्या तिघांपैकी एकाचा शोध मला लागला आहे. त्याचे 5,10,000 गेले आणि घरी त्याने अजून सांगितलेले नाही. आम्ही दोघांनी मिळून नवा अर्ज तयार केला आहे. उरलेले दोघे हे वाचत असतील, तर त्यांच्या सह्यांपुरती जागा त्यात कोरी ठेवली आहे.