जुन्या फरशीवर नवी फरशी: टाइल अ‍ॅडहेसिव्ह (टाइप 3)

बँकेच्या लिलावात फ्लॅट ‘जसा आहे तसा’ मिळतो, त्यामुळे दुरुस्तीचा सगळा खर्च घेणाऱ्याच्या बोडक्यावर. फरशी न फोडता भाड्याजोगं घर करायचं असेल तर हे अ‍ॅडहेसिव्ह (पाण्यात कालवून लादी चिकटवायची पूड) पैसे वाचवतं: तोडफोड नाही, राडारोडा खाली उतरवायची मजुरी नाही.

गोणीवर आयएस 15477 (टाइल अ‍ॅडहेसिव्हचं भारतीय मानक), टाइप 3 लिहिलंय ना, ते आधी बघा. 20 किलोची गोणी 3 मिमी थराला साधारण 50 चौरस फुटांना पुरते. जमीन उंचसखल असेल तर कमीच.

जुनी फरशी हातोडीच्या लाकडी मुठीने ठोकून बघा. बद्द आवाज आला की ती लादी काढा आणि खड्डा भरा. बाकीची ग्राइंडरने खरवडून तेल, साबण धुवून काढा. कालवलेलं मिश्रण पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग पुन्हा ढवळा. घट्ट झालं म्हणून वरून पाणी मारायचं नाही. खाचांच्या थापीने पसरा, दोन बाय दोनच्या लादीला मागूनही मिश्रणाचा हात फिरवा. मिस्त्री सवयीने पाच ठिपके देऊन लादी चिकटवतात; पलंगाचा पाय नेमका पोकळीवर आला की तडा गेलाच. ग्राउट (सांधे भरायचं मिश्रण) 24 तासांनी.

फरशी सुमारे 12 मिमी वर येते, म्हणजे दारं खालून तासावी लागतात. गळक्या बाथरूममध्ये मात्र हे वापरू नका. तिथे फोडून वॉटरप्रूफिंगच करावं लागतं.

माझे गुण: पाचपैकी चार.