फक्त ब्लॉकसाठी लावलेले दहा रविवार

बॅकहँडला जोरकस टॉपस्पिन (पुढच्या दिशेने गरगर फिरत येणारा चेंडू) आला की माझा ब्लॉक (बॅट न फिरवता नुसती आड धरून परतवलेला चेंडू) एकतर टेबलाबाहेर जायचा, नाहीतर समोरच्याला आयता चेंडू मिळायचा. बावीस वर्षं टेबल टेनिस खेळतेय, पण हे दुखणं काही जात नव्हतं. शेवटी डोंबिवली पूर्वेला एका शाळेच्या हॉलमध्ये चालणारा क्लास लावला, तोही फक्त ब्लॉकसाठी. दहा रविवार, दर वेळी सव्वा तास, समोर एकटे सर. फी 6,000 रुपये.

पहिल्या दिवशी अर्धा तास टेबलाजवळ जाऊच दिलं नाही. चेंडू डोक्याच्या वर उडवायचा आणि बॅटवर अलगद झेलायचा. माझा टणकन उडायचा. "ताई, बॅट आवळून धरलीय तुम्ही. शेवटची तीन बोटं सैल सोडा." घरी रोज दहा मिनिटं हेच केलं, तेव्हा कुठे तिसऱ्या रविवारी चेंडू बॅटवर येऊन गप्प बसला. ब्लॉकमधलं अर्धं काम इथेच झालं, असं मला आज वाटतं.

मग चॉप ब्लॉक, म्हणजे बॅट खाली आणत केलेला ब्लॉक. सरांनी एका चेंडूची अर्धी बाजू निळ्या मार्करने रंगवली आणि तो टेबलावर माझ्याकडे फिरवत सोडला. म्हणाले, हा तुमच्याकडे टॉपस्पिन घेऊन येतोय. आता फिरणं तसंच ठेवून तो माझ्याकडे परत आला, तर माझ्यासाठी तो काय होईल? कट, म्हणजे उलटी फिरकी! इतकी वर्षं मी त्या फिरकीशी भांडत होते. चॉप ब्लॉकमध्ये तिला अडवायचं नाही, तिच्याच दिशेने बॅट खाली आणायची. टप्पा पडल्या पडल्या, चेंडू वर येत असतानाच स्पर्श. बॅट नेहमीच्या ब्लॉकपेक्षा थोडी उघडी, आणि हालचाल वीतभरच. हात लांब गेला की चेंडू वर चढतो आणि समोरचा तो हाणतो. सहाव्या रविवारी सरांचा पुढचा लूप (जोरकस टॉपस्पिनचा फटका) पहिल्यांदा नेटमध्ये गेला, तेव्हा मी अक्षरशः ओरडले.

साइडस्पिन ब्लॉकला, म्हणजे चेंडूला आडवी फिरकी देणाऱ्या ब्लॉकला, दोनच रविवार मिळाले. बॅट उजवीकडून डावीकडे सरकवली की चेंडू माझ्या उजवीकडे वळतो. म्हणजे बॅकहँडच्या कोपऱ्यातून सरळ रेषेत टाकला, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या अंगात घुसतो. अजून दहातले चारच जमतात.

क्लबात सगळे म्हणत होते, बॅकहँडला लाँग पिंपल्स (लांब दाण्यांचं रबर) लाव, मनिका बत्राचं बघ. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण मिळवणाऱ्या मनिकाचा बॅकहँड कुणाला आवडणार नाही? पण सरांनी साफ नकार दिला. त्या रबरावर फिरकी उलटवण्याचं बरंचसं काम रबर करतं, गुळगुळीत रबरावर ते हाताला करावं लागतं. आणि मला बॅकहँडने मारायचंही असतं. मी माझं 1.8 मिलिमीटर स्पंजचं जुनं रबरच ठेवलं. सर विकायला काही काढत नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आता खटकलेल्या गोष्टी. हॉलमधल्या चारपैकी एक ट्यूब सतत लुकलुकते, आणि चेंडूवरची फिरकी वाचायला शिकायच्या जागी हे चालायला नको. मल्टीबॉलच्या (एकामागून एक चेंडू टाकून करायच्या सरावाच्या) बादलीत नवे-जुने चेंडू मिसळलेले असतात, त्यामुळे एकच ब्लॉक दोनदा सारखा बसत नाही. फोरहँड ब्लॉक तर शेवटच्या दिवशी वीस मिनिटांत उरकला. त्यासाठी मी पुन्हा पैसे भरणार आहे, पण तो या दहात बसायला हवा होता.

साधा ब्लॉक सलग वीस-पंचवीस वेळा टेबलावर पडत असेल तरच हा क्लास लावा. नसेल तर सर स्वतःच आधी ते करून या म्हणतात. रविवारी सकाळी 7 ते 11 एवढीच वेळ असते. जाताना ओलं फडकं न्या. फरशीवर धूळ असते, दर पाच मिनिटांनी बुटांचे तळ पुसावे लागतात.