चेंबूर स्टेशनबाहेरचं फॉर्म भरून देणारं झेरॉक्सचं दुकान: पाचपैकी चार

सरकारी नोकरीचा अटेस्टेशन फॉर्म, म्हणजे पोलीस पडताळणीसाठीचा माहितीचा फॉर्म, भरायचा असेल तर चेंबूर स्टेशनबाहेरच्या गल्लीतल्या या झेरॉक्सवाल्याकडे बिनधास्त जा, फक्त पेनड्राईव्ह स्वतःचा न्या, का ते पुढे लिहिलंय. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण एक तक्रारपण आहे आणि माणूस मनाने चांगला आहे, उगाच त्याच्या धंद्यावर नको. पॅनकार्ड, गॅझेट, भाडेकरार, चारित्र्य पडताळणी असं सगळं एकाच बोर्डावर कोंबून लिहिलंय, तेच दुकान.

झालं असं की भाच्याचं केंद्र सरकारच्या एका खात्यात सिलेक्शन झालं, ट्रॉम्बेच्या बाजूला आहे एवढंच सांगते. ऑफर लेटरबरोबर हा फॉर्म आला, तीन कॉपी, आणि तो वाचून घरात सगळ्यांचे चेहरे पडले. गेल्या पाच वर्षात वर्षाहून जास्त जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते, आईवडिलांचं नागरिकत्व आणि जन्मगाव, वयाच्या पंधराव्या वर्षापासूनची शाळा-कॉलेजं, तुम्हाला ओळखणारी दोन जबाबदार माणसं, आणि मग तो कॉलम, कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्ध होता का, बाँड लिहून घेतला का, दंड झाला का, केस पेंडिंग आहे का. पहिल्याच पानावर दम दिलाय की खोटी माहिती दिलीत किंवा काही लपवलंत तर नोकरीला अपात्र. मागे ओळखीचा दाखला असतो त्यावर गॅझेटेड ऑफिसर, आमदार-खासदार, तहसीलदार, मुख्याध्यापक, पोस्टमास्तर यांच्यापैकी कुणाची तरी सही लागते. मग ते कागद पोलिसांकडे जातात आणि रिपोर्ट खात्याकडे परत जातो.

भाचा कॉलेजात असताना फीवाढीच्या मोर्च्यात पकडला गेला होता. मुंबईत पाच माणसं एकत्र जमू नयेत असा पोलिसांचा मनाई आदेश अधूनमधून निघतच असतो, तो मोडला म्हणून केस आणि दंड भरून सुटका. आता बहीण देव पाण्यात ठेवून बसलेली, मेहुणे म्हणतायत लिहूच नको, कोण बघतंय जुनं, आणि भाचा म्हणतो मावशी तूच चल माझ्याबरोबर.

इथे दुकानवाल्या दादाला फुल मार्क. आम्ही त्या कॉलमपाशी आल्यावर त्याने टायपिंग थांबवलं आणि ड्रॉवरमधून एक लॅमिनेट केलेला कागद काढला, कडा वाकलेल्या, मधल्या चार ओळींवर पिवळा हायलायटर. सुप्रीम कोर्टाचा 2016 चा अवतार सिंग केसचा निकाल. त्यात सरळ लिहिलंय की कोवळ्या वयात घोषणा दिल्या वगैरे अशी किरकोळ भानगड असेल आणि ती लपवली असेल तरी मालक आपल्या अधिकारात ते सोडून देऊ शकतो, पण गंभीर गोष्ट दडवली तर नोकरी जाऊ शकते, आणि खरं सांगितलं असेल तरीही तुम्हाला घ्यायचं की नाही ते ठरवायचा हक्क खात्याला आहेच. दादा म्हणाला, "मॅडम, केस चालून जाते, लपवालपवी नाय चालत, लिवा सगळं, कलमासकट." आणि त्याने कलम, तारीख, दंडाची पावती सगळं व्यवस्थित वेगळ्या कागदावर टाईप करून जोडलं. एवढं तर वकीलपण करत नाही हो.

आता खरी मजा. बाकड्यावर डॉकयार्डमधून रिटायर झालेले एक काका पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बसलेले, त्यांनी सगळं ऐकलं आणि सुरू झाले, कायदा मोडणारी पोरं आत घेतात, हीच उद्या स्नोडेन होतात, म्हणजे तो अमेरिकेच्या हेरखात्याचे गुप्त कागद पेपरांना देऊन देश सोडून पळालेला. मी म्हटलं काका उलट आहे की, स्नोडेनचा फॉर्म तर कोरा करकरीत होता! अमेरिकेत टॉप सिक्रेट क्लिअरन्ससाठी, म्हणजे गुप्त कागद बघायच्या परवानगीसाठी, जो फॉर्म भरतात तो शंभरच्या वर पानांचा, परदेशी ओळखी, कर्ज, ड्रग्ज, सगळं विचारतात, शेजाऱ्यांना जाऊन भेटतात, काही जागांसाठी पॉलिग्राफ म्हणजे खोटं पकडायची मशीनपण असते. यातून तो पास झाला. डॅनियल एल्सबर्गपण पास झालेला, अमेरिकेच्या मरीन सैन्यातला माजी ऑफिसर, त्याने 1971 ला व्हिएतनाम युद्धाचे 7000 पानांचे गुप्त कागद पेपरांना दिले. म्हणजे चाळणी लावतात ती तुम्ही कर्जात आहात का, कुणी तुम्हाला ब्लॅकमेल करेल का यासाठी, आणि ते बरोबरच आहे. पण आत गेल्यावर सरकारच खोटं बोलताना दिसलं तर काय कराल हा कॉलम कुठल्याच फॉर्मवर नाही.

काका पण कच्चे नव्हते. म्हणाले क्लिअरन्स असला म्हणजे सगळ्या फायली बघायला मिळतात असं नाही, ज्याला कामापुरतं जेवढं लागतं तेवढंच दाखवतात, आम्हाला शेजारच्या शेडमध्ये काय चाललंय ते माहीत नसायचं, मग स्नोडेनलाच एवढं कसं सापडलं? मी म्हटलं, तो सिस्टिम अ‍ॅडमिन होता, चाव्या त्याच्याकडेच. आणि मग काकांनी खरा प्रश्न टाकला, कायदेभंग म्हणता ना, मग पळाला कशाला, गांधीजी पळाले का?

यावर दुकानात दोन मिनिटं झेरॉक्स मशीनचाच आवाज. कारण मुद्दा आहेच. याच मुंबईत एप्रिल 1919 मध्ये रौलेट कायद्याविरुद्ध गांधीजींनी सरकारने बंदी घातलेली पुस्तकं स्वतः रस्त्यावर उभं राहून विकली, नोंदणी न करता 'सत्याग्रही' नावाचं पत्रक काढलं, सगळं उघड, या पकडा. 1922 ला अहमदाबादला जज्जला सांगितलं की सगळ्यात मोठी शिक्षा द्या. एल्सबर्गपण बॉस्टनला स्वतः हजर झाला, 115 वर्षांची शिक्षा होऊ शकत होती, ती केस 1973 ला बंद झाली कारण राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचं ऑफिस फोडल्याचं बाहेर आलं. पण मला काकांचं अर्धंच पटतं. गांधीजींना कोर्टात आपलं म्हणणं पूर्ण मांडता आलं. अमेरिकेच्या 1917 च्या हेरगिरी कायद्यात तुम्ही कागद का दिलेत, लोकांच्या भल्यासाठी दिलेत का, हे ज्युरीसमोर बचाव म्हणून चालतच नाही. एल्सबर्गनेच 2013 ला लिहिलं की स्नोडेनने देश सोडला ते बरोबर केलं, आता माझ्या वेळची अमेरिका नाही. शिक्षा भोगायची तयारी हवी हे मान्य, पण बोलूच देणार नसाल तर तो नुसता तुरुंग झाला, सत्याग्रह कसला.

आपल्याकडे काही वेगळं नाही. सरकारी गुपितं फोडणाऱ्यांवरचा 1923 चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट अजून आहे. सत्येंद्र दुबे या इंजिनियरने सुवर्ण चतुष्कोण रस्त्यातल्या भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली, ते फुटलं, नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत त्याचा खून झाला. त्यानंतर 2004 पासून केंद्रीय दक्षता आयोगाला बंद पाकिटात तक्रार करता येते, नाव आत लिहायचं, निनावी चालत नाही. 2014 ला अशी तक्रार करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदापण संसदेत झाला, तो लागू करायचा राहूनच गेला. भाचा हे सगळं मान खाली घालून ऐकत फोटो चिकटवत होता, काय मनात होतं त्याच्या देव जाणे.

आता एक स्टार का कापला. दादा सगळे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो आणि ते सगळे डेस्कटॉपवर पडलेले असतात, "नवीन फोल्डर", "नवीन फोल्डर 2" असे. आमची फाईल शोधताना दुसऱ्याच कुणाचा तरी भरलेला फॉर्म उघडला, बापाचं जन्मगाव, पत्ते, दोन साक्षीदार, सगळं सताड समोर, आणि मागे लाईनीत पाच माणसं बघतायत. मी म्हटलं दादा हे डिलीट करत जा, तर म्हणे कस्टमर परत येतात ना, परत कोण टाईप करणार. अमेरिकन सरकारच्याच कॉम्प्युटरमधून 2 कोटी 15 लाख लोकांची अशीच पार्श्वभूमी तपासणीची माहिती आणि 56 लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेल्याचं 2015 ला बाहेर आलं, मग इथे तर पासवर्ड मॉनिटरला स्टिकरवर लिहून चिकटवलाय. मी समोर उभं राहून आमचं फोल्डर डिलीट करायला लावलं, रिसायकल बिनमधूनपण, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो त्याच्या फोनमधून काढायला लावले. कुरकुरला पण केलं त्याने. म्हणून म्हटलं, व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, पेनड्राईव्ह स्वतःचा न्या.

रेट वाजवी आहेत, टायपिंगचे पानाप्रमाणे, झेरॉक्स वेगळी, जीपे चालतं. दुपारी जेवायला शटर अर्धं खाली असतं तेव्हा जाऊ नका, संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी तर अजिबातच नाही. फोटो मात्र दुसरीकडून काढून न्या, याच्याकडचा प्रिंटर चेहरा जांभळा करतो.